परत न आलेल्या मुली

सुधारगृहातून सुटलेली मुलगी दोन वर्षांत पुन्हा तिथे आली नाही, की ती सुधारली असं धरायचं. तिथल्या शिवणवर्गाच्या तपासणीसाठी नेमलेल्या बाईंना अधीक्षकांनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं. वर्गातल्या चाळीस मुलींपैकी चौतीस परत आल्या नव्हत्या.

"एवढा निकाल शाळांचाही लागत नाही," ते म्हणाले.

बाईंनी तरीही पत्ते मागून घेतले. पहिल्या तीन घरांना कुलूप होतं. चौथ्या घराचं दार एका आईने उघडलं. हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले.

"तुमची मुलगी सध्या काय करते, एवढंच विचारायचं होतं."

"ती गेली. मी स्वतः सुधारगृहात जाऊन सांगून आले होते. लिहून नाही घेतलं?"

बापाच्या माराला कंटाळून ती घरातून पळाली होती आणि चोरी करताना सापडली होती. वर्ग संपल्यावर तिला त्याच बापाकडे धाडलं. अकराव्या आठवड्यात त्याने तिला जिन्यावरून ढकललं.

"मला घरी पाठवू नका, असं ती तिथे सगळ्यांना सांगत होती," आई म्हणाली. "तिला घ्यायला मीच गेले होते. सुटकेच्या कागदावर सही माझीच आहे."

बाईंनी उरलेली घरंही पालथी घातली. आणखी एक मुलगी वारली होती. पाचजणी मोठ्यांच्या तुरुंगात होत्या. अकराजणींचा थांगपत्ता नव्हता.

अधीक्षकांनी आकडे वाचले आणि चष्मा काढला. "हे वर गेलं की वर्ग बंद होईल. मग आतल्या मुलींनी दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं का?"

त्या अख्ख्या इमारतीत बाईंना मुली हसताना दिसल्या होत्या त्या फक्त शिवणाच्या खोलीत. तरी त्यांनी आकडे बदलले नाहीत. मुलीला घरी पाठवण्याआधी घर नीट बघा, हेही अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं.

तीन महिन्यांनी शिवणाच्या मशिनी उचलून नेल्या. पहिल्या पानाचं काहीच झालं नाही.

हे आपणच सांगायला हवं, म्हणून बाई पुन्हा त्या आईकडे गेल्या.

"मुलींना तसंच घरी पाठवणं थांबलं का?" आईने विचारलं.

"नाही."

"मग काय थांबलं?"

"शिवण."

"मला कामावर जायचंय," आई म्हणाली आणि तिने हळूच दार लावून घेतलं.