उंबराचा चढ

अनंतानं पहिला गिअर टाकून मूठ पिळली. गाडीनं दोन धक्के दिले, धापा टाकल्या आणि उंबराच्या चढावर निम्म्यात मान टाकली. मागे बसलेली गोदू न सांगता उतरली. मांडीवरची मासळीची पाटी तिनं कडेच्या दगडावर ठेवली आणि पदरानं मान पुसली. नवऱ्याच्या गाडीवरून अशी मध्येच उतरायची तिला आता सवय झाली होती.

गाडी जुनी, पण मुळात गुणी. एकटा अनंता असला की रेवसपासून अलिबागपर्यंत निमूट जायची. गोदू, तिची पाटी आणि दोन्ही बाजूंना बर्फातल्या कोलंबीची खोकी असं सगळं बिऱ्हाड चढलं, की मात्र तिचा जीव जायचा. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालू. निकेत मेकॅनिकनं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, क्लच प्लेटा बदलल्या आणि शेवटी हात पुसत म्हणाला, "काका, इंजिनात दम नाय ऱ्हायला. भार झेपत नाय तिला." हे तो गोदूच्या देखत बोलला, हीच त्याची चूक. तेव्हापासून गोदू ताटात भात कमी घ्यायला लागली होती.

"उद्यापास्नं मी वेणूबायच्या टेंपोनं जाईन," ती म्हणाली. "बोलून ठेवलंय तिला."

"एवढ्यासाठी?"

"तुमी ढकलता, तुमाला धाप लागते. मना बघवत न्हाय."

घरात दोघांचं बोलणं म्हणजे मीठ संपलं, गॅस संपला, नळाला पाणी आलं. खरं बोलणं व्हायचं ते गाडीवर. मुलगा दिपेश उरणच्या बंदरातून कंटेनर घेऊन कुठवर पोचला, सून फोनवर काय म्हणाली आणि काय म्हणायची राहिली, हे सगळं ती त्याच्या कानाशी येऊन सांगायची, आणि तो समोर बघत हुंकार द्यायचा. उद्यापासून हे सगळं टेंपोतल्या बायका ऐकणार. ते त्याला नको होतं, पण ते बायकोला सांगायचं कसं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात वेणूबाईचा टेंपो मागून आलाच. मासळी उन्हात ठेवणं बरं नव्हतं. गोदू पाटी घेऊन चढली.

"खोकी मी आणतो," अनंता म्हणाला.

टेंपो वळणाआड गेला. त्यानं गाडीला लाथ मारायला पाय उचलला, मग लाज वाटून खाली ठेवला. पेट्रोल तरी आहे का बघावं म्हणून त्यानं टाकीचं झाकण उघडलं, आणि टाकीनं फुस्स करून हवा आत ओढली. अनंता थबकला. झाकण तसंच हातात ठेवून त्यानं किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

त्यानं झाकण उलटसुलट करून पाहिलं. पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत हवा शिरायला झाकणाला एक बारीक भोक असतं. ते कुठं दिसेना. त्याच्यावर हळदकुंकवाचा, तेलानं घट्ट झालेला, चांगला जाडजूड थर बसला होता. हवाच शिरत नव्हती, तर पेट्रोल उतरणार कसं? एकट्याला ओढायला जेमतेम पुरत होतं. भार घेऊन चढाला लागली, की गाडी उपाशी.

रोज सकाळी निघायच्या आधी टाकीला कुंकू लावणारी घरात एकच होती. अनंताला आधी हसू आलं, मग राग आला. म्हणजे इतके महिने आपण घाम गाळला तो या बाईच्या भक्तीपायी. चष्म्याच्या दोरीला लावलेली सेफ्टी पिन काढून त्यानं भोक कोरून साफ केलं आणि बाजारात पोचेपर्यंत तिला काय काय सुनवायचं ते ठरवलं.

पण बाजारात ती पाटीपुढं बसून मांदेली विकत होती, मधूनच वर बघून रस्त्याकडे डोळे लावत होती. तो दिसला तसा तिनं सोडलेला श्वास त्याला लांबूनही कळला. सुनवायचं राहून गेलं.

परतताना त्यानं मुद्दाम तांदळाची गोण पुढं घेतली आणि म्हणाला, "बस."

"परत उतरायचंच ना?"

"बस तर खरी."

उंबराचा चढ या बाजूनंही तेवढाच उभा. तिथं गोदूनं सवयीनं एक पाय आधीच सैल केला. गाडी चढत राहिली. माथा आला, मागं गेला, तरी तिचा पाय तसाच लोंबकळत होता. मग ती मोकळेपणी हसली आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय झालतं तिला?"

"कचरा अडकलेला."

"माझ्या वजनानं न्हाय ना?"

"न्हाय गो." अनंताला फार हलकं वाटत होतं. "आज भात पोटभर खा."

सकाळी ती कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली, तेव्हा मात्र सांगणं भाग पडलं. त्यानं झाकणावर तळहात ठेवला.

"इथं लावू नको. इथून हवा जाते आत."

गोदूनं झाकणाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे मीच?"

"आधी दसऱ्यालाच लावायचीस. रोजचं कधीपास्नं?"

ती करंड्यातल्या कुंकवात बोट फिरवत राहिली. "तुमच्या डोळ्याचं आपरेशन झालं तवापास्नं. समोरचं दिसंल, न्हाय दिसंल... मना भीती वाटायची."

"भीती वाटायची, मग मागं बसायचीस कशाला?"

"एकट्याला सोडू?"

अनंतानं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं उगाच पुसला. दारापुढं टेंपो येऊन थांबला. वेणूबाईनं आतून हाक मारली.

"जा गो तू," गोदू म्हणाली. तिनं कुंकवाचं बोट त्याच्या हेल्मेटला मागच्या बाजूनं टेकवलं, पाटी मांडीवर घेऊन गाडीवर बसली, आणि गल्ली संपायच्या आत बोलायला लागली.