आतून जागी

सापांचं विष काढून औषधांच्या कारखान्याला पुरवणं हे माझ्या ताईचं वीस वर्षांचं काम. त्या सकाळी नागाचा दात तिच्या अंगठ्यात रुतला. इस्पितळात पोचेपर्यंत पापण्या मिटल्या, जीभ जड झाली आणि श्वासही थांबला. प्रतिविष टोचून तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं.

दुपारी नवखे डॉक्टर आले. त्यांनी उचललेला तिचा हात धप्पकन खाली पडला. "मेंदू गेलाय बहुतेक. यंत्र काढायचं का, ते ठरवा," ते म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावरचा नाडीचा आकडा ऐंशीवरून एकशे चाळीसवर गेला.

"डॉक्टर, ती ऐकतेय!" मी ओरडलो. "नसांचा निरोप स्नायू जिथे झेलतात, ती जागाच विषाने अडवलीय. तिनेच मला शिकवलंय हे."

मी तिच्या कानाशी वाकलो. "ताई, यंत्राला कुणी हात लावणार नाही. मी इथून हलत नाही." आकडा हळूहळू उतरला. डॉक्टरांनी यंत्र काढायची गोष्ट मागे घेतली.

चौथ्या दिवशी यंत्र निघालं. घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "केवढ्यांदा ओरडत होते रे मी!"