रेघ दिसली तर थांबायचं

माझा साडू दाताचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना 'आ' करायला लावतो आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः आभाळाकडे 'आ' करून बघत बसतो. दोन वर्षांपूर्वी या गृहस्थाने एक जुनं चार आसनी विमान विकत घेतलं. जुनं म्हणजे किती, तर शेहेचाळीस वर्षांचं. एकतीस वर्षं मी असल्याच विमानांची इंजिनं उघडतोय, सख्खा साडू आहे, पण घेण्याआधी मला एका शब्दाने विचारलं नाही. फोटो बघून घेतलं म्हणे. फोटो बघून मी चप्पलसुद्धा घेत नाही.

"रंग काय मस्त आहे ना, दादा?" हँगरमध्ये विमान आलं तेव्हा त्याचं हे पहिलं वाक्य. रंग मस्तच होता. रंगाखाली काय होतं ते मी बघितलं. मागच्या सीटखाली उंदरांनी संसार थाटला होता. धुराच्या नळीला बोट जाईल एवढी चीर होती. मी तेवीस कलमांची यादी करून त्याच्या हातात ठेवली. त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली, दात काढले आणि म्हणाला, "एवढंच ना?"

एवढंच! अरे बाबा, तुझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तू तेवीस दात किडलेत असं सांगितलंस आणि तो 'एवढंच ना' म्हणाला, तर तुला काय वाटेल?

पण बोलायची सोय नव्हती. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. "अहो, आपलाच माणूस आहे. तुम्ही नाही बघणार तर कोण बघणार?" असं आमच्या घरातून फर्मान निघालं आणि ते धूड माझ्या गळ्यात पडलं. तोंडावर मी त्याला अहोजाहो करतो. मनात काय करतो ते विचारू नका.

विमान बाळगणाऱ्या लोकांची सगळी जमातच मला चांगली ठाऊक आहे. विमान धुतील, पुसतील, चकचकीत करतील, शेजारी उभे राहून फोटो काढतील. इंजिनाचं तेल कधी बदललं विचारलं की चेहरा कोरा. हा तर सगळ्यांचा मुकुटमणी. भर उन्हात अंगात कातड्याचं जाकीट, डोळ्यांवर गॉगल, आणि खिशात एक छोटी डायरी. कुणी काहीही सांगो, हा डायरीत लिहून घेणार. पहिल्यांदा एकटा विमान उतरवलं तेव्हा चाकं टेकली, उडाली, टेकली, परत उडाली. मी तिथल्या तिथे त्याचं नाव बेडूकराव ठेवलं. हँगरमधली चार टाळकी तेव्हापासून त्याला पाठीमागे बेडूकरावच म्हणतात, आणि चहाच्या वेळी मी त्याची नक्कल करून दाखवली नाही तर त्यांना चहा गोड लागत नाही.

मी त्यांना नेहमी सांगायचो, "एक दिवस जमीन सोडताच याचं इंजिन बंद पडेल आणि हा शहाणा मागे वळेल." असल्या वेळी मागे धावपट्टी दिसते आणि माणसाला मोह होतो. पण उंची नसते. वळता वळता विमान एका पंखावर कोसळतं. नाक खाली करून समोर जे असेल, शेत असो की माळ, तिथे सरळ उतरायचं, एवढाच उपाय. त्याला डोकं थंड ठेवावं लागतं, आणि ते या माणसाकडे असेल याची मला सुतराम खात्री नव्हती.

आणि अशा माणसाने, आमच्याच घरी जेवायला बसून, माझ्या मुलीला विचारलं, "येत्या रविवारी येतेस? काका तुला वर नेतो."

माझी मुलगी सव्वीस वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते. लहान होती तेव्हा हँगरमध्ये बागडायची आणि रोज विचारायची, बाबा, मला वर कधी नेणार? माझ्याकडे काही उडवण्याचा परवाना नाही. मालक लोकांपैकी कुणाला म्हटलं असतं तर नेलंही असतं. पण त्यांच्यापुढे तोंड वेंगाडायचं? मी? ती विचारायची थांबली तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

आता तिचा चेहरा असा काही फुलला की माझा घास हातातच राहिला. जेवण झाल्यावर तिला बाजूला घेऊन म्हटलं, "जाऊ नकोस. त्याला काही येत नाही."

"पण विमान तुम्हीच तपासलंय ना, बाबा?"

"हो."

"मग भीती कसली?" असं म्हणून ती भांडी उचलायला निघून गेली.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. विमान आलं त्याच आठवड्यातली. मी एका इंजिनाखाली पाठीवर पडून काम करत होतो. बेडूकराव डायरी उघडून माझ्या पायांशी येऊन उभा राहिला. "दादा, पेट्रोलमध्ये पाणी आहे की नाही ते कसं ओळखायचं?"

मी बाहेरसुद्धा आलो नाही. तिथूनच मान तिरकी करून त्याच्याकडे बघत सांगितलं, "पंखाखाली छोटी तोटी आहे. उडायच्या आधी तिथून काचेच्या कपात थोडं पेट्रोल काढायचं. पाणी जड असतं, ते खाली बसतं. मधे रेघ दिसते. रेघ दिसली तर थांबायचं. नाही दिसली तर उडायचं."

त्याने ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. खाली दोनदा अधोरेखित केलं. मग म्हणाला, "आणखी काही?"

"आणखी काय? पोहायला शिकवू?"

चारही टाळकी खदाखदा हसली. तोही हसला, कानापर्यंत लाल झाला आणि डायरी खिशात घालून निघून गेला. त्यानंतर मला त्याने फारसं काही विचारलं नाही. चला, पीडा टळली, असं मला वाटलं.

त्या रविवारच्या आधी सोमवारी आमच्याकडे एक मोठं, दोन इंजिनांचं विमान कामाला आलं. हँगरमध्ये जागा हवी होती. मी बेडूकरावांचं विमान ढकलून बाहेर उघड्यावर उभं केलं. गुरुवारी आणि शुक्रवारी धो धो पाऊस पडला. राखणदार म्हणाला, "डॉक्टरांचं विमान भिजतंय की."

"भिजू दे. मिठाचं आहे का? तेवढाच फुकट धुतला जाईल तो मस्त रंग," मी म्हणालो. परत सगळे हसले.

त्या तेवीस कलमांत एकोणिसावं कलम होतं डाव्या टाकीच्या झाकणाचं. त्याचा रबरी वायसर कडक होऊन तडकला होता. नवा आणून मी खणात ठेवलासुद्धा होता. पण विमान तर आत छपराखाली उभं असतं, घाई कशाला, म्हणून बसवायचा राहिला होता. विमान बाहेर ढकलताना तो वायसर माझ्या डोक्यात आला नाही. खोटं कशाला बोलू, त्या माणसाच्या वस्तूचा विचार करायची मला सवयच नव्हती.

रविवारी सकाळी लख्ख ऊन होतं. साडू आला, जाकीट, गॉगल, सगळा जामानिमा. "अरे वा! आधीच बाहेर काढून ठेवलंत? किती करता हो माझ्यासाठी, दादा."

मी "हं" म्हणालो.

मुलगी आली होती, फोन घेऊन टिपटिप फोटो काढत होती. मी चहाचा कप घेऊन चार टाळक्यांबरोबर हँगरच्या दारात उभा राहिलो. बेडूकरावांची तपासणी सुरू झाली. हातात यादी, एकेक कलमावर बोट ठेवत विमानाभोवती प्रदक्षिणा. मग डाव्या पंखाखाली वाकून त्याने कप भरला, आभाळासमोर धरला आणि बघत राहिला. ओतून टाकला. परत भरला, परत बघितला. तिसऱ्यांदा भरला. मधेच वळून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बघा, बघा," मी टाळक्यांना म्हणालो, "कपात दाढ शोधतोय." हशा पिकला. त्याने मान वळवली, कप ओतून टाकला आणि मुलीला आत बसायची खूण केली. तिने माझ्याकडे बघून हात हलवला. मी चहाचा कप वर केला.

विमान धावलं, उचललं गेलं. मला कबूल करायला हवं, छान उचललं. तीनशे फुटांवर असेल नसेल, इंजिन एकदा खोकलं. मग दोनदा. मग आवाजच बंद.

एकतीस वर्षांत मी ती शांतता कधी ऐकली नव्हती. आत माझी पोर होती, आणि तिला सांभाळायला बेडूकराव. मी ओरडलो, "वळू नकोस! अरे, वळू नकोस रे!" कुणाला ऐकू जाणार होतं?

तो वळला नाही. विमानाचं नाक खाली झालं, सरळ पुढे गेलं आणि गोदामांच्या ओळीपलीकडे दिसेनासं झालं. राखणदाराच्या स्कूटरवर मागे बसून मी तिथे पोचेपर्यंत किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

नांगरलेल्या शेतात विमान उभं होतं. पुढचं चाक मुडपलं होतं, नाकावरचा पंखा वाकला होता, बस्स. माझी मुलगी बांधावर बसून बुटातली माती झाडत होती. मी तिला उठवून उभी केली, हात बघितले, पाय बघितले, डोकं चाचपलं.

"मला काही झालं नाहीये, बाबा," ती म्हणाली. "काका ओरडले नाहीत की काही नाही. 'पट्टा आवळ, दार उघडून ठेव, डोकं खाली घाल', एवढंच म्हणाले. आणि उतरलो."

साडू विमानाला टेकून उभा होता. गॉगल कुठेतरी पडला होता. चेहरा कागदासारखा. "माझंच काहीतरी चुकलं, दादा. तुमच्या पोरीला घेऊन... माझंच चुकलं."

मागून ती चार टाळकीही येऊन पोचली. मी डाव्या पंखाखाली वाकलो आणि तोटी दाबली. हातावर आलं ते नाकाला लावलं. कसलाच वास नाही.

"पाणी आहे," मी म्हणालो.

"काय डॉक्टर," एक टाळकं म्हणालं, "कपात बघायला नवा चष्मा करायचा का आता?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचा विनोद नेहमी माझा असायचा.

"पण मी बघितलं होतं हो," साडू म्हणाला. "तीनदा बघितलं. रेघ नव्हती." त्याने खिशातून डायरी काढली, ते पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. "हे बघा. तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं."

"थांबा, माझ्याकडे आहे," मुलगी म्हणाली आणि तिने फोनमधला फोटो काढून दिला. आभाळासमोर धरलेला कप. काठोकाठ भरलेला, स्वच्छ, नितळ. रेघ नाहीच.

नसणारच. आमचं पेट्रोल निळं असतं, ओळखू यावं म्हणून मुद्दाम रंग घातलेला असतो. त्या कपात निळं काहीच नव्हतं. पेट्रोलचा थेंब नव्हता. तळापासून काठापर्यंत नुसतं पाणी होतं. नळीत उरलेल्या पेट्रोलवर विमान तीनशे फूट चढलं, मग पाणी इंजिनात पोचलं. दोन गोष्टी असतील तर मधे रेघ दिसणार, एकच असेल तर कुठून दिसणार? म्हणून रंग बघायचा, वास घ्यायचा. शिकवणारा माणूस हे पहिल्याच दिवशी सांगतो. सांगायला दोन वाक्यं लागतात. मी त्या दोन वाक्यांच्या जागी विनोद केला होता.

"रंग फिका वाटला मला," साडू खालच्या आवाजात म्हणाला. "निळं असतं ते आठवत होतं. म्हटलं, उन्हामुळे तसं दिसत असेल. तुम्हाला विचारणारच होतो. वळलोसुद्धा होतो." त्याने हँगरच्या दिशेला हात केला. "तुम्ही सगळे तिथे उभे होतात. म्हटलं, परत हसतील."

चारही टाळकी मातीकडे बघत होती. मुलगी मात्र माझ्याकडे बघत होती.

"बाबा, पण टाकीत पाणी आलं कुठून?"

"पावसाचं," मी म्हणालो. "झाकणाचा वायसर तडकलाय. नवा माझ्या खणात पडून आहे. आणि विमान बाहेर मी काढलं होतं."

तिने मान हलवली, पण नजर हटवली नाही. ती जशी बघत होती तसं मी दोन वर्षं कुणाकडे तरी बघत आलो होतो. आपल्याकडे कुणी तसं बघितलं की काय होतं, ते मला त्या शेतात कळलं.

"म्हणजे रंगही बघायचा," साडू म्हणाला. त्याने पेन काढलं, टोपण उघडलं. मग डायरी आणि पेन दोन्ही त्याने माझ्यापुढे केलं. "तुम्हीच लिहिता का, दादा?"

मी त्या अधोरेखित ओळीखाली लिहिलं. रंग निळा हवा. वास पेट्रोलचा हवा. शंका आली तर उडायचं नाही, विचारायचं. डायरी परत दिली.

त्याने ते वाचलं, वर पाहिलं आणि जपून, जरा मागे सरकूनच विचारलं, "आणखी काही?"

"आहे," मी म्हणालो. "बरंच आहे. बसा खाली."