हसरा कौल

अंगणात पत्र्याचं पिंप फरफटत आणल्याचा आवाज झाला, तेव्हा सोक-लान दिवंगत सासऱ्यांच्या नावाच्या पाटीपुढे भाताचा वाडगा ठेवत होती. तिचा हात क्षणभर तिथेच थांबला. मग तिने वाडगा सरळ केला, जेवणाच्या काड्या त्याच्याशेजारी नीट जोडून ठेवल्या आणि ती बाहेर आली.

सासू पिंपाशी बैठक मारून बसली होती. शेजारी टोपलीभर सोनेरी कागदाची कमळं. आजच्या श्राद्धाला जाळायची म्हणून महिनाभर, कालवं सोलून झाली की, ती त्यांच्या घड्या घालत बसे. जाळलेल्या कागदाचा तिकडे, मेलेल्यांच्या जगात, पैसा होतो, आणि बुन-हाईला, म्हणजे सासऱ्यांना, पैसा कधीच पुरला नव्हता.

"आई, मी दर्यामातेला, माझूला शब्द दिलाय," सोक-लान हळू आवाजात म्हणाली.

"तू दिलास. मी कुठे दिलाय?"

"आपल्या अंगणात आता कागद जळणार नाही, असा दिलाय."

"अंगण माझ्या नवऱ्याचं आहे. त्याला विचारलंस?"

कुंपणापलीकडे कालवं सोलत बसलेली शेजारीण आकिम खुदकन हसली.

लग्न होऊन या घरी आल्यापासून सोक-लानची पहाटेची प्रार्थना चुकली नव्हती, अमावास्या-पौर्णिमेचं शाकाहारी जेवण मोडलं नव्हतं. दर्यामातेला दिलेला शब्द मोडायचा, की श्राद्धाच्या दिवशी या म्हातारीला रडवायचं, एवढंच आता उरलं होतं.

वसंतात देवळाच्या ओट्यावर एक बाई बोलायला आली होती. हवा का तापतेय, समुद्र का तापतोय, उन्हाळ्यात कालवं पाण्यासारखी पातळ का निघतात, हे तिने शिंपलाच हातात धरून सांगितलं. एका घराचा धूर तो केवढासा, पण जग म्हणजे सगळी एकेक घरंच की, असं म्हणाली. त्या दिवसापासून सोक-लान बाजाराला घरचा डबा नेऊ लागली, जवळच्या कामांना सायकल काढू लागली. देवळातही कागदाऐवजी तांदूळ वाहायची सोय झाली. वाहिलेला तांदूळ गावातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाई.

सासूने त्यावर तोंडसुख घेतलं होतं. "पिशवी बंद, पंखा बंद, स्कूटर बंद. आता माझा श्वास तेवढा चालू आहे, त्याचंही बघ काहीतरी." पण हल्ली एखादं कालव उघडलं की ती ते तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसे, हेही सोक-लानने पाहिलं होतं.

"विचारते," सोक-लान म्हणाली. "बाबांनाच कौल लावते."

"लाव. मी येतेच बघायला."

आकिमही हात पुसत दारात येऊन उभी राहिली. सोक-लान पाटीपुढे गुडघ्यांवर बसली. अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे तिने ओंजळीत घेतले. एक उताणा नि एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे, तर नकार. दोन्ही उताणे पडले, तर तिकडचं माणूस आपल्याला हसतंय.

"बाबा, जेवण झालं का?"

एक उताणा, एक पालथा.

"बाबा, तुमच्यासाठी कागद जाळू की तांदूळ वाहू?"

दोन्ही उताणे. तिने पुन्हा टाकले. पुन्हा उताणे.

"अगं बाई!" आकिम कपाळावर हात मारत म्हणाली. "हे की ते, असं कधी कौलाला विचारतात का? रोज देवापुढे बसतेस ना तू?"

सोक-लानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"जिवंतपणी एका प्रश्नाला धड उत्तर देत नव्हता," सासू म्हणाली, "आणि ही त्याला एकदम दोन विचारतेय. हसेल नाहीतर काय करेल? सरक."

तिने कौल हातात घेतले. पाटीकडे असं पाहिलं, जसं उशिरा घरी आलेल्या माणसाकडे पाहतात.

"खरं सांग. तिकडेही पत्ते खेळतोस का?"

तुकडे फरशीवर पडले. एक तिथेच थांबला, दुसरा घरंगळत सासूच्या पायाशी गेला. खाली बसलेल्या सोक-लानला दोन्ही दिसले. दोन्ही उताणे होते. मग सासूच्या पायाचा अंगठा लुंगीसारख्या सैल पायजम्याखालून सावकाश बाहेर आला आणि त्याने जवळचा तुकडा पालथा घातला.

"हो म्हणतोय!" सासू कडाडली. "बघितलंस आकिम? खेळतोय मेला! इतकी वर्षं मी इकडे बोटं दुखेपर्यंत घड्या घालतेय, आणि हा तिकडे डाव लावतोय!"

"आमचाही त्याच्याच शेजारी बसला असेल," आकिम म्हणाली. "हरत असेल."

"एक कागद मिळायचा नाही आता. तांदूळ पत्त्यांत लावून दाखव म्हणावं."

"आणि ही कमळं, आई?" सोक-लानने विचारलं.

"राहू देत टोपलीत. मी वर जाईन तेव्हा सोबत घेऊन जाईन. शोभेची म्हणून. हात लावू देणार नाही त्याला." मग आवाज उतरवून, सुनेकडे न बघता, ती म्हणाली, "काय बघतेस अशी? तांदूळ मोज. आणि चांगला घे, तो जाडाभरडा नको. खाणारी माणसं आपलीच आहेत."

सोक-लान उठली. देव्हाऱ्यातल्या माझूपुढे उभी राहून, सासूच्या वतीने क्षमा मागायला तिने हात जोडले. शब्द ओठांपर्यंत आले होते, पण त्यांच्याआधी हसूच फुटलं. ते लपवायला तिने मान आणखी खाली घातली, आणि मागून आकिम सासूला म्हणाली,

"बघ, किती मनापासून नमस्कार करतेय."