लोण्याच्या कप्प्यातली पेनं

इन्सुलिनच्या पेनाला एक पारदर्शक खिडकी असते. आत रबरी दट्ट्या असतो. प्रत्येक डोसाबरोबर तो थोडा पुढे सरकतो. वापरातल्या पेनातला दट्ट्या रविवारी होता तिथून जेमतेम हलला होता. फ्रिजच्या दारातल्या लोण्याच्या कप्प्यात मात्र नवी पेनं दाटीवाटीने बसली होती.

आईने ती मोजली.

ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. दुपारी लेकीचा नमुना तिनेच यंत्रात लावला होता. तीन महिन्यांची सरासरी साखर इतकी वाढलेली पाहून तिने यंत्रालाच दोष दिला, ते पुन्हा तपासून घेतलं, नमुना परत लावला. आकडा हलला नाही. तेव्हाही लेकीवर संशय घ्यायचं तिला सुचलं नव्हतं.

आईच्या नोकरीचा विमा लेकीला पंचविशीपर्यंत लागू होता, पण ती पूर्ण वेळ कॉलेजात असेल तरच. स्वतंत्र विमा घ्यावा, तर जुना आजार म्हटल्यावर कंपन्या अंग काढून घेत. म्हणून पदवीनंतर लेकीने दुसरा, नावडता अभ्यासक्रम धरला होता. “लोक विद्येसाठी शिकतात, मी विम्यासाठी,” ती म्हणायची. आई हसायची आणि विषय पुढच्या सत्रावर ढकलायची.

लेक आली. हात काळे, ओठ कोरडे. उभ्यानेच बाटलीभर पाणी प्यायली.

“कॉलेजात आज ग्रीस शिकवलं वाटतं?”

“टोमणे नकोत हं, आई. सायकलच्या दुकानात होते. तुला माहितीये.”

“आणि ही पेनं कशाला साठवतेस?”

लेकीने रिकामी बाटली ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, “दुकानदारकाका कायमचं काम देतायत. पण कॉलेज सुटलं की विमा सुटणार. तेव्हा लागतील.”

“आणि तोवर?”

“अर्ध्या डोसावर भागवते. जेवतेही कमी.”

“अगं, उद्या विहीर आटेल म्हणून आजपासून तहानेनं मरायचं का?”

“मग काय करू? तुला विचारलं की तुझं ठरलेलं. पुढच्या सत्रात बघू!”

पेनांसाठी आईने लेकीला वर्गात बसवलं होतं, आणि वर्गातून सुटण्यासाठी लेक पेनं वाचवत होती.

तिने ताट वाढलं. वापरातलं पेन लेकीसमोर ठेवलं.

“साखर मोज. पूर्ण डोस घे. सकाळी आपण डॉक्टरांकडे जाऊ.”

लेकीने बोट टोचलं. आकडा पाहून मुकाट्याने पेनाची चकती फिरवली. एकेक युनिटाची टिकटिक आईने कान देऊन ऐकली.

“सोमवारी पुढच्या सत्राची फी भरायची शेवटची तारीख आहे,” खाली बघतच लेक म्हणाली.

आईने फ्रिजच्या दाराला पाठ टेकवली.

“भरायची नाही,” ती म्हणाली. “हे सत्र संपेपर्यंत विमा आहे. पुढचं इन्सुलिन माझ्या पगारातून, नाही पुरलं तर उसनं. मग तू कॉलेज सोड.”