उलटा व्होल्टेज

मला बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी अब्बा मुद्दाम पाला आणत. पाला म्हणजे केसासारख्या बारीक काट्यांनी भरलेला मासा. आधीचे दोघे पनवेलच्या आमच्या घरून अर्धपोटी उठले होते, आणि अब्बा खूश होते. मला भयंकर राग यायचा.

तिसरा नियाज, जालन्याचा, खाडीचा मासा कधी न खाल्लेला. जेवताना अब्बांनी त्याला त्याचं काम विचारलं.

"प्लाझ्मातल्या आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, ऊर्जा मोजतो," तो म्हणाला. "त्यांच्या वाटेत उलटा व्होल्टेज लावायचा आणि हळूहळू वाढवत न्यायचा. कमी ऊर्जेचे आयन मागे फिरतात. किती व्होल्टेजला किती जण पार होतात, त्यावरून कोणात किती दम आहे ते कळतं."

"अब्बाही तेच करतात," मी फणकाऱ्याने म्हणाले.

तेवढ्यात नियाजच्या घशात काटा टोचला. डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने पुढच्या घासाला हात घातला.

"थांब, बेटा." अब्बांनी त्याचं ताट स्वतःकडे ओढलं आणि एकेक काटा काढायला बसले.

आजवर ते काटे फक्त माझ्यासाठी काढायचे.