काठी खुंटीवर होती

मुलांनो, डोळे उघडेच ठेवा आणि अशी कल्पना करा : तुम्ही एका लांबट खोलीत स्टुलावर बसला आहात. समोर जाळीचं दार. दारापलीकडे कपाटाएवढी लोखंडी पेटी उघडी आहे आणि तिच्यापुढे तुमची मावशी हातात पाना घेऊन उभी आहे. काहीच करत नाही. नुसती उभी.

टिकली तशीच बसली होती. तिची आई कामावर गेली की ती मावशीबरोबर इथे यायची.

"टिकले," मावशीनं मान न वळवता विचारलं, "मी काठी लावली होती का गं?"

"आत्ता?"

"आत्ता. फोन यायच्या आधी."

ती पेटी म्हणजे एफएम रेडिओचा ट्रान्समीटर. स्टुडिओतली गाणी आणि बातम्या तोच मनोऱ्यावर चढवतो. दुरुस्तीसाठी तो बंद केला, तरी तो मेला असं समजायचं नाही. मेन स्विच पाडला, त्याला कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, तरी त्याच्या पोटातले कपॅसिटर नावाचे डबे वीज धरून बसतात. रुसलेलं पोर मुठीत खाऊ धरून बसतं तसे. ती वीज माणसाला मारू शकते. म्हणून एक लांब काठी असते. तिच्या टोकाला पितळी आकडा, आकड्यापासून थेट जमिनीत गेलेली जाड तार. आधी तो आकडा डब्यांना टेकवायचा, वीज जमिनीत जाऊ द्यायची, आणि हात पेटीत असेपर्यंत तो तिथेच अडकवून ठेवायचा. काम झालं की काठी काढून खुंटीवर.

काठी खुंटीवर होती.

म्हणजे काम संपलं होतं, किंवा सुरूच झालं नव्हतं. दोन्ही वेळी ती अगदी सारखीच दिसते.

"सांग ना. तू बघत होतीस."

टिकली गोंधळली. मावशीला सगळं येतं, आणि तीच विचारतेय! 'हो' म्हटलं तर मावशी खूश होईल असं तिला वाटलं. पण ती तर खिडकीवरची पाल बघत होती.

"मला नाही माहीत, मावशी. मी पाल बघत होते."

मावशी हसली. "शाबास. हेच उत्तर हवं होतं. माहीत नाही म्हणजे लावली नाही. असंच धरायचं."

फोन पुन्हा वाजला. स्टुडिओतला निवेदक होता. त्याचा आवाज जाळीपर्यंत ऐकू येत होता. "ताई, झालं का? बातम्यांची वेळ होत आली. का मी मनोऱ्यावर चढून ओरडू?"

"ओरड. तेवढाच तुझा घसा साफ होईल," मावशी म्हणाली. "मी पहिल्यापासून करतेय."

"पहिल्यापासून? अहो, मघाशी म्हणालात, झालंच!"

मावशीनं आठवून पाहिलं. असं आपण म्हणालो? तिनं फोन ठेवला. खिसा चाचपून किल्ली बघितली. मग काठी उचलली, आकडा एकेका डब्याला टेकवला आणि आत अडकवून ठेवला. ठिणगी उडाली नाही. त्यावरून काही कळत नव्हतं. डबे आपोआपही रिकामे होतात.

आत तांब्याच्या पट्टीवरचा एक बोल्ट सैल झाला होता, त्यासाठीच पेटी उघडली होती. तो तसाच राहिला तर तापून जळतो. मावशीनं पाना बसवला आणि जोर लावला.

बोल्ट हलला नाही. घट्ट होता. व्यवस्थित, तिच्याच हातानं आवळलेला असावा तसा घट्ट.

मावशी पाना धरून तशीच राहिली. टिकलीला वाटलं, बोल्ट अडकला.

"निघत नाहीये?"

"काढायचा नाहीये, बाळा. झालंय ते. मीच केलंय म्हणे."

"मग तू हसत का नाहीस?"

मावशीनं काठी काढली, पेटी बंद केली, मेन स्विचचं कुलूप उघडलं. वीज आधी डमी लोडमध्ये सोडली. ती खोटी अँटेना. आलेल्या शक्तीची ती नुसती उष्णता करून टाकते, बाहेर काही जात नाही. पेटीवरचा काटा आणि जवळचं खात्रीचं मीटर जुळेनात. मावशी पेचकसानं काटा केसभर सरकवायची, थांबायची, पुन्हा बघायची. यात तिचा हात जरासुद्धा चुकला नाही. आकडे जुळल्यावर तिनं खरी अँटेना जोडली. कोपऱ्यातला रेडिओ खरखरला आणि निवेदक वेळेवर बातम्या सांगू लागला.

मावशीनं रेडिओ केंद्राच्या साहेबांना फोन लावला. "साहेब, काम झालं. मीटरही जुळवलं. आणखी एक सांगायचंय. यापुढे मी एकटी पेटी उघडणार नाही."

"काय झालं, ताई? काही चुकलं का?"

"नाही चुकलं." तिनं काठीकडे पाहिलं. "आजचं काम मी केलं, साहेब, आणि मला ते आठवत नाही."

मग साहेब हळूच म्हणाले, "उद्या या. बोलू."

दोघी बाहेर आल्या. फाटकापासून रस्ता दोन्हीकडे जात होता. मावशीनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पिशवीचा बंद सारखा केला, आणि पुन्हा डावीकडे पाहिलं.

टिकलीनं तिच्याकडे पाहिलं. "मी पहिली!" असं ओरडून ती उजवीकडे, घराच्या वाटेनं पळत सुटली. थोडं पुढे जाऊन थांबली आणि सँडलचा पट्टा उगाचच सोडून लावत बसली, मावशी जवळ येईपर्यंत.